तारेवरचे ते अकरा पक्षी: अमूर ससाणा ओळखायचा कसा आणि तो गोव्यात असतो किती दिवस

प्रश्न पेडणे तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, दोन दिवस ढगाळ हवा आणि अधूनमधून पावसाची भुरभुर. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जाताना सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, वीजतारेवर अकरा लहान शिकारी पक्षी ओळीने बसलेले त्यांना दिसले. काही काळपट, काहींच्या पांढुरक्या छातीवर गडद खुणा, एकाची पाठ तांबूस. वाड्यावर कुणी शिक्रा म्हणालं, कुणी खरुची. त्यांनी मोबाइलवर काढलेले तीन फोटो पाठवले आणि तीन गोष्टी विचारल्या: हे कोण? हे गोव्याचेच की बाहेरचे? आणि पंधरा वर्षं मी याच रस्त्याने जाते, मग आजवर कसे दिसले नाहीत?

ताई, अकरांपैकी दहा अमूर ससाणे आहेत. अकराव्याबद्दल शेवटी बोलतो, त्याला जरा वेळ द्यावा लागेल.

आधी शिक्रा बाजूला काढू, कारण आपल्याकडे कुठलंही बारकं शिकारी पाखरू दिसलं की तेच नाव तोंडात येतं. शिक्रा हा ससाणा नव्हेच. त्याचे पंख आखूड आणि टोकाला गोलसर, कारण त्याला माडा-फणसांच्या दाटीतून सरडे आणि चिमण्या पकडायच्या असतात. ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार, उघड्या आभाळासाठी घडलेले. पूर्ण वाढलेल्या शिक्र्याचा डोळा पिवळा ते लाल असतो. ससाण्याचा डोळा दुरून काळाभोर दिसतो, भोवती रंगीत कातडीचं कडं असतं आणि वरच्या चोचीच्या कडेला भक्ष्याची मान मोडायला एक बारीक दात असतो. जनुकांच्या अभ्यासातून हे दोन गट एकमेकांपासून किती लांबचे आहेत हे कळलं तेव्हा पक्षी पाहणारे आम्ही सगळे चकित झालो होतो. ससाण्यांचं नातं घारी-गरुडांपेक्षा पोपटांशी आणि चिमणीवर्गाच्या पक्ष्यांशी अधिक जवळचं निघालं. आणखी एक साधी गोष्ट: शिक्रे कधी अकराच्या संख्येने तारेवर रांग लावून बसत नाहीत. तो एकटा, फार तर जोडीने राहणारा पक्षी. लहान शिकारी पक्ष्यांचा थवा दिसला की आपल्या भागात पहिला विचार अमूरचाच करावा.

आता रूप. अमूर ससाणा 28 ते 30 सेंटिमीटर लांब, म्हणजे पारव्यापेक्षा थोडा लहान. पण वजन पाहिलंत तर हातात काही आहे असं वाटणार नाही: नर साधारण 100 ते 150 ग्रॅम, मादी थोडी जड. पंख पसरले की मात्र 63 ते 71 सेंटिमीटर. इवलंसं शरीर आणि त्याच्या दुपटीहून जास्त रुंद पंख, हे प्रमाण ध्यानात ठेवा. पुढे त्याच्या प्रवासाबद्दल सांगेन तेव्हा ते उपयोगी पडेल.

नर ओळखणं सोपं. सगळा पक्षी कोळशाच्या पुडीसारखा राखाडी-काळा, पाठीवर गडद आणि पोटावर थोडा फिका. मांड्या आणि शेपटीखालचा भाग विटकरी तांबडा. पाय, चोचीच्या मुळाशी असलेली मेणासारखी कातडी आणि डोळ्याभोवतीचं कडं तांबडं-नारिंगी. तारेवर बसलेला असला की उन्हात हे पाय लांबूनही चमकतात. तुमच्या पहिल्या फोटोत डावीकडून तिसरा पक्षी पाहा, फोटो धूसर असूनही पोटाखाली तो विटकरी पट्टा दिसतो. पण नराची खरी खूण तो उडाल्यावर दिसते. पंखांच्या आतल्या बाजूचा पुढचा अर्धा भाग शुभ्र पांढरा, मागची पिसं काळी. काळ्या पक्ष्याने अंगरखा उलटावा आणि आतून पांढरं अस्तर दिसावं, तसं. याचा जवळचा भाऊ म्हणजे लाल पायांचा ससाणा, जो पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंत घरटी करतो. त्याचा नर बसलेला असताना हुबेहूब असाच दिसतो, पण त्याच्या पंखाखाली सगळं काळंच. म्हणून बसलेल्या काळ्या नराचे शंभर फोटो काढण्यापेक्षा उडताना एक काढावा. गुस्ताव राड्डे या जर्मन निसर्गअभ्यासकाने 1863 मध्ये अमूरचं वर्णन केलं ते या लाल पायाच्या ससाण्याचाच एक प्रकार म्हणून. ती स्वतंत्र जात आहे हे नंतर सर्वमान्य झालं. आज तिचं शास्त्रीय नाव फाल्को अमुरेन्सिस.

मादी मात्र फसवते, आणि थव्यात तिच्याकडेच नीट पाहायला हवं. तिची पाठ पाटीसारखी राखाडी, त्यावर गडद आडव्या रेघा. कपाळ पांढुरकं, डोळ्याखाली एक छोटी काळी मिशी, गाल आणि गळा पांढरा. छातीवर मळकट पांढऱ्या रंगावर बाणाच्या टोकासारखे काळे ठिपके, आणि हे ठिपके बगलेकडे जाता जाता आडवे पट्टे होतात. मांड्या आणि शेपटीखालचा भाग फिकट पिवळसर-तांबूस, त्यावर एकही ठिपका नाही. पाय नारिंगी-लाल, डोळ्याभोवतीचं कडंही तसंच. पंखांच्या खालून पाहिलं तर पांढऱ्यावर काळ्या पट्ट्यांची जाळी.

या मादीला पाहून मी स्वतः चुकलो आहे. दिवाडी बेटावर खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधावरून मी एकदा अशा तीन पक्ष्यांची नोंद हॉबी म्हणून केली. हॉबी हाही छोटा ससाणा, हिवाळ्यात इकडे येणारा, त्यालाही काळी मिशी आणि पांढरा गाल. सोबतच्या मित्राने काढलेला फोटो आठवड्याने मोठा करून पाहिला तेव्हा पाय लाल दिसले. हॉबीचे पाय आणि डोळ्याचं कडं पिवळं असतं. त्याच्या छातीवर उभ्या जाड रेघा असतात, ठिपक्यांचे आडवे पट्टे होत नाहीत. आणि त्याची शेपटी वरून साधी, बिनपट्ट्यांची. अमूरच्या मादीची शेपटी वरून-खालून दोन्हीकडे पट्टेरी. ती नोंद मी दुरुस्त केली. त्यानंतर मिशी हे लक्षण मी कधीच पहिलं धरत नाही. आधी पाय, मग शेपटी.

त्या वर्षी जन्मलेली पिल्लं मादीसारखीच, पण पाठीवरच्या पिसांना तांबूस किनार, छातीवर उभ्या रेघा जास्त, पाय थोडे फिके. नोव्हेंबरमध्ये गोव्यावरून जाणाऱ्या थव्यात अशी पिल्लं असतात. तुमच्या दुसऱ्या फोटोत खांबाजवळचे दोन पक्षी माझ्या मते यंदाचेच. जन्मून जेमतेम चार-पाच महिने झाले असतील.

खरुचीबद्दलचा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण सड्यावर हिवाळाभर दिसणारा छोटा ससाणा खरुचीच. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत ती आपल्या कातळपठारांवर असते, वाऱ्यावर एका जागी पंख फडफडवत टांगल्यासारखी तरंगते आणि गवतातल्या उंदरावर, टोळावर खाली उतरते. पाठ विटकरी, त्यावर काळे ठिपके, पाय पिवळे. अमूरही कधीमधी असा तरंगतो, म्हणून नुसत्या त्या सवयीवर जाऊ नका. बसलेल्या पक्ष्यात सर्वांत भरवशाची तुलना म्हणजे पंख आणि शेपटी: अमूरच्या मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीच्या टोकापर्यंत पोचतात, कधी जराशी पुढेही जातात. खरुचीची शेपटी पंखांच्या बरीच पुढे राहते. मोबाइलच्या धूसर फोटोतही हे मोजता येतं, रंग न दिसले तरी चालतं. इथल्या आणखी एका छोट्या ससाण्याचं, तुरुमतीचं, म्हणाल तर तिचं डोकं-मान विटकरी आणि पोटावर बारीक काळे पट्टे. ती भारतातच राहणारी, जोडीने शिकार करणारी. तुमच्या फोटोत ती नाही.

आता दुसरा प्रश्न, हे गोव्याचे की बाहेरचे. पुस्तकातले नकाशे इथे अपुरे पडतात, असं माझं मत आहे. बहुतेक पक्ष्यांचं आढळक्षेत्र म्हणजे नकाशावर रंगवलेला एक ठिपका. अमूरच्या नकाशात दोन ठिपके असतात, एक आशियाच्या ईशान्येला आणि एक आफ्रिकेच्या दक्षिणेला, आणि मधे बाण. आपला गोवा त्या बाणाखाली येतो. बाणाखालच्या जागेला रंग नसतो, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की इथे हा पक्षी नाही.

त्याचं घरटं बैकल सरोवराच्या पूर्वेकडच्या प्रदेशापासून अमूर नदीच्या खोऱ्यापर्यंत, ईशान्य मंगोलिया, उत्तर आणि ईशान्य चीन, उत्तर कोरिया या भागात. अमूर म्हणजे रशिया आणि चीन यांच्या सीमेवरून वाहणारी प्रचंड नदी. चिनी लोक तिला काळ्या ड्रॅगनची नदी म्हणतात. तिथे मे महिन्यात तो पोचतो. स्वतः घरटं बांधत नाही, कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यांनी सोडलेली घरटी घेतो. तीन-चार अंडी, महिनाभर उबवण, आणखी महिनाभरात पिल्लं उडायला लागतात. ऑगस्टच्या अखेरीपासून तिथून हलायला सुरुवात.

तिथून दक्षिण आफ्रिकेपर्यंत सरळ रेघ ओढली तर वाटेत तिबेटचं पठार आणि हिमालय येतो. हा पक्षी ती भिंत ओलांडत नाही, तिला पूर्वेकडून वळसा घालतो. चीनमधून खाली, म्यानमारच्या कडेने आपल्या ईशान्य राज्यांत. ऑक्टोबरच्या मध्यापासून नागालँड, मणिपूर, मेघालय, आसाम इथे लाखोंच्या संख्येने ते उतरतात. पावसाळा संपता संपता तिथल्या जमिनीतून पंखवाल्या वाळव्या थव्याने बाहेर पडतात. त्या खाऊन हे पक्षी अंगावर चरबी चढवतात. पुढच्या प्रवासाची शिदोरी तीच.

नागालँडच्या वोखा जिल्ह्यातलं दोयांग धरण आणि त्याकाठचं पांगती गाव यांची गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर मला पुरं करता येणार नाही. धरणाच्या पाण्याभोवती संध्याकाळी हे पक्षी मुक्कामाला जमू लागले आणि गावकऱ्यांनी मासेमारीची जाळी झाडांमध्ये टांगून ते पकडायला सुरुवात केली. 2012 च्या एका हंगामात मारल्या गेलेल्या पक्ष्यांचा अंदाज 1,20,000 ते 1,40,000 असा होता. बांबूच्या काठ्यांवर ओवलेल्या, सोललेल्या ससाण्यांचे फोटो पाहिले तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. पण पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, त्याच गावाने एकही पक्षी मारला नाही. चर्चने समजावलं, गावच्या सभांनी नियम केले, वनखातं आणि स्वयंसेवी लोक सोबत राहिले, आणि कालपर्यंत जाळं लावणारे हातच पहाऱ्याला उभे राहिले. आजही तिथले लोक त्या पक्ष्यांना पाहुणे म्हणतात. तुमच्या वर्गात मुलांना काही सांगायचं असेल तर हे नक्की सांगा, कारण तुमच्या तारेवरचे पक्षी त्याच वाटेने आलेले आहेत. पांगतीने जाळी काढली नसती तर त्यांतले किती पेडण्यापर्यंत पोचले असते?

त्याच नोव्हेंबर 2013 मध्ये तिथल्या तीन पक्ष्यांच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारे, जेमतेम 5 ग्रॅमचे उपग्रह-ट्रान्समीटर बसवले गेले. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. भारतीय वन्यजीव संस्थेचे आणि हंगेरीचे शास्त्रज्ञ त्यात होते. नंतर 2016 मध्ये लाँगलेंग नावाच्या मादीला असाच ट्रान्समीटर लावला, तिने तर पुढची काही वर्षं माहिती पाठवली. 2018 पासून मणिपूरच्या तामेंगलाँगमधूनही पक्षी सोडले गेले. या सगळ्यांनी दाखवलेली वाट थोडक्यात अशी: ईशान्य भारतातून निघाल्यावर बांगलादेश किंवा बंगालच्या उपसागराच्या अंगाने पुढे, मग भारतीय द्वीपकल्प आडवं ओलांडून पश्चिम किनारा, आणि तिथून अरबी समुद्रावरून सोमालिया. पुष्कळदा मधे न उतरता, दिवस-रात्र उडत. डिसेंबरच्या सुमारास आफ्रिका गाठतात आणि मग दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात टोळ आणि वाळव्या खात हिवाळा काढतात. म्हणजे तिथला उन्हाळा. तिकडच्या लहान शहरांत निलगिरीच्या उंच झाडांवर रात्री हजारोंनी झोपायला येतात. मार्च-एप्रिलमध्ये परत फिरतात आणि मे महिन्यात पुन्हा अमूरकाठी. वर्षाची बेरीज 20,000 किलोमीटरच्या वर जाते. एका मोठ्या पेरूपेक्षा कमी वजनाचा हा पक्षी.

गोव्याच्या किनाऱ्यावरून सोमालियाचं सर्वांत जवळचं टोक साधारण 2,500 किलोमीटरवर आहे. मधे टेकायला जागा नाही; पाण्यावर तो उतरू शकत नाही. तरी तो जातो, कारण त्या दिवसांत वारा त्याच्या बाजूला असतो. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा ऑक्टोबरात मावळतो आणि ईशान्येकडून वारा धरतो. हाच वारा पाठीशी घेऊन पक्षी हजार मीटरच्या वर चढतात. पूर्वी आपली गलबतंही याच वाऱ्यावर आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जायची. किनाऱ्यावरच्या माणसाला ही वाट नवी नाही.

आणि वाटेत खायला काय? इथे मला सर्वांत आवडणारा भाग येतो. भातकापणीच्या दिवसांत शेतांवर, अंगणात, क्रिकेटच्या मैदानावर पिवळट-तांबूस चतुरांचे थवे घिरट्या घालताना तुम्ही पाहिले असतील. त्यांत पँटाला फ्लेवेसेन्स नावाचा चतुर असतो, जगभर भटकणारा. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये मालदीवमध्ये हे चतुर हजारोंनी अवतरतात, जिथे त्यांच्या वाढीला गोडं पाणी जवळजवळ नाही. तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 मध्ये मांडलं की हे चतुर भारतातून त्याच ईशान्य वाऱ्यावर हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेला जातात, आणि अमूरसारखे कीटक खाणारे पक्षी त्याच वेळी, त्याच वाटेने जातात. समुद्रावर उडता उडता पायाने चतुर पकडायचा आणि पंख न थांबवता तिथेच खायचा, हे अमूरला सहज जमतं. जमिनीवर मी ते कितीदा पाहिलं आहे. करमळीच्या तळ्याकाठच्या शेतांवर संध्याकाळच्या उन्हात एक नर वीस मिनिटं असा जेवत होता, चतुरांचे पंख खाली गिरक्या घेत पडत होते.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ना गोव्याचे, ना पुरते परके. पुढच्या समुद्रापूर्वीची ही त्यांची शेवटची जमीन.

तिसरा प्रश्न, पंधरा वर्षं का दिसले नाहीत. दोन कारणं. पहिलं म्हणजे हे पक्षी आपल्याकडे थांबायला येतच नाहीत. हवा स्वच्छ आणि वारा पाठीशी असेल तर ते आपल्या डोक्यावरून इतक्या उंचावरून जातात की दुर्बिणीतही ठिपका. ते खाली येतात ते हवा बिघडली की. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, ढग, भुरभुर, उलटा वारा. अशा वेळी समुद्रावर जाण्याऐवजी ते किनाऱ्याच्या अलीकडे उघड्या जागी उतरतात आणि मार्ग मोकळा होईपर्यंत पोट भरतात. तुमचे दोन ढगाळ दिवस आणि तिसऱ्या दिवशीची ती रांग, यांत योगायोग नाही. दुसरं, दिवस फार थोडे. मी माझ्यापुरतं सोपं पंचांग केलं आहे: तुळशीच्या लग्नाच्या आसपास नजर वर ठेवायला लागायचं आणि 3 डिसेंबरचं गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त होऊन आठवडाभर गेला की सोडून द्यायचं. एवढ्या तीन-चार आठवड्यांत एखाद-दोन सकाळी जुळल्या तर जुळल्या. तुमची एक जुळली.

जागा कुठली पाहायची, तर उघडी. पेडणे, बार्देश, सत्तरीकडचे कातळसडे, सुकूर आणि वेर्ण्यासारखी पठारं, कापलेली मोरड, म्हणजे उंचावरची, शेतं, तिसवाडीची खाजनं. तार किंवा सुकं झाड हवं, समोर मोकळं गवत हवं. सड्याला आपल्याकडे लोक पडीक म्हणतात, ओसाड म्हणतात, झाडं नाहीत म्हणून तिथे काही नाही असं धरून चालतात. पावसात त्याच कातळावर सीतेची आसवं आणि तेरडा फुलतो, हिवाळ्यात खरुची आणि भोवत्या (हॅरियर) येतात, आणि नोव्हेंबरात दोन दिवसांसाठी मंगोलियाहून निघालेला पक्षी आफ्रिकेला जाता जाता तिथे टोळ वेचतो. तुमच्या शाळेच्या वाटेवरचा सडा अजून मोकळा आहे हे वाचून मला बरं वाटलं. जिथे मी पूर्वी हमखास जायचो असे दोन सडे आता भिंतीआड गेले आहेत.

पुढच्या वेळी काय कराल ते सांगतो. गाडी थांबवा पण खाली उतरून तारेखाली जाऊ नका. मोटारीतून पाहिलं तर ते बसून राहतात, माणूस चालत आला की उठतात. त्यांना उठवून उडताना फोटो काढायचा मोह टाळा. त्यांच्यापुढे अडीच हजार किलोमीटर पाणी आहे, खाण्याचं प्रत्येक मिनिट मोलाचं. थोडं थांबलात तर कीटकासाठी एखादा आपणहून झेप घेतोच, तेव्हा पंखाखालचं पाहून घ्या. नर किती, माद्या आणि पिल्लं किती, वारा कुठून, ढग होते का, किती वाजता, हे वहीत लिहा. तारीख आणि जागा लिहिलेली नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलीत तर उद्या कुणाला गोव्यावरून जाणारी वाट नीट आखता येईल. मे महिन्यातही, पावसाआधीच्या दमट दिवसांत, एक नजर ठेवा. परतीच्या प्रवासात एप्रिलअखेर ते मे या दिवसांतही ते भारतावरून जातात, पण घाईत.

क्वचित एखादा दमलेला पक्षी रस्त्याकडेला किंवा किनाऱ्यावर बसलेला सापडतो. त्याला चोच उघडून पाणी पाजू नका, ते श्वासनळीत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वनखात्याला कळवा. मुलांनी त्याच्याभोवती गर्दी करू नये. नुसत्या भीतीनेही असे पक्षी दगावतात.

आता तो अकरावा. तिसऱ्या फोटोत ओळीच्या टोकाला, इतरांपासून हातभर अंतर ठेवून बसलेला, तांबूस पाठीचा. वाड्यावर कुणी खरुची म्हणालं ते बहुधा त्याच्याकडे पाहून, आणि ते अर्धं खरं असू शकतं. अमूरच्या थव्यात लहान खरुची नावाची वेगळी जात मिसळून प्रवास करते. तीही मध्य आशिया आणि मंगोलियाच्या बाजूने येते आणि आफ्रिकेला जाते, तीही टोळ आणि चतुर खाते. नेहमीच्या खरुचीहून ती किंचित बारीक. तिच्या नराच्या विटकरी पाठीवर ठिपके नसतात, पंखावर निळसर-राखाडी पट्टा असतो आणि चेहऱ्यावर मिशी नसते. तुमच्या पक्ष्याच्या पाठीवर मला ठिपके दिसतात असं वाटतं, म्हणजे लहान खरुची असलीच तर ती मादी किंवा पिल्लू, आणि मग काम अवघड. दोन्ही जातींच्या माद्या इतक्या सारख्या की हातात धरूनही माणूस दोनदा पाहतो.

अशा वेळी एकच जागा पाहायची, नख्या. नेहमीच्या खरुचीच्या नख्या काळ्या, लहान खरुचीच्या पांढुरक्या. तुम्ही पाठवलेला फोटो मेसेजमधून येताना दाबला गेला आहे, पाय म्हणजे नुसता पिवळा डाग दिसतो. मूळ फोटो फोनमध्ये असेल तर तो ईमेलने, आकार न बदलता पाठवा. पंखाची टोकं शेपटीच्या जवळपास पोचलेली वाटतात, म्हणून माझा कौल लहान खरुचीकडे आहे. पण नख्या दिसेपर्यंत तुमच्या वहीत दहा अमूर ससाणे आणि एक खरुची, जात अनिश्चित, एवढंच लिहून ठेवा. आणि जमलं तर उद्या सकाळी सातच्या आत त्याच वळणावर एकदा थांबा. आज दुपारपासून आभाळ मोकळं होतंय आणि वारा पुन्हा घाटाकडून सुटला आहे, उद्यानंतर ती तार रिकामी असेल.